आई अत्तर मागत होती

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. कडकोळला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सकाळी दुसरं करण्यासारखं काही नसतं. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, घाटात लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, मान हलवायची आणि कारखान्याच्या गेटवर उतरायचं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं तर आजही नाही. ज्या बाईची वर्षानुवर्षं धड झोप झालेली नाही तिला भुताची भीती कुठून वाटणार? तिला एवढंच वाटतं, की बाबा रे, आलास तर ये, पण बेल वाजवू नकोस, आई आत्ताच झोपली आहे.

त्यात माझा धंदा असा. मी ऊदबत्तीच्या कारखान्यात सुगंध विभागात काम करते. कागदाच्या अरुंद पट्ट्या नाकाशी धरायच्या आणि हा मोगरा बरा, तो मोगरा साबणासारखा, असे शेरे द्यायचे. ज्या दैवी सुगंधानं लोकांच्या अंगावर काटा येतो तो मी सकाळी प्लॅस्टिकच्या ड्रममधून काढलेला असतो. त्यामुळे "खोलीत अचानक चंदनाचा वास दरवळला" असं कुणी लिहिलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुठल्या कंपनीचा?

तरीही आमच्या घरात जे झालं ते कुठे ठेवावं मला कळत नाही, म्हणून इथे आणून ठेवते आहे. दमलेल्या माणसाचं लिखाण आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं घर म्हैसूरमध्ये, गोकुलमला. खाली आई आणि मी. वर एक खोली आहे, ती योगा शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना देतो. घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेतलं. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो ते आता कुणालाच ठाऊक नाही. घरात मराठीच बोलतो, पण आमची मराठी पुण्याच्या माणसाला निम्मीच कळते. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं, सांधा कुठे आहे ते आमचं आम्हालाही कळत नाही. मी लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा सासूबाईंची बहीण जिन्यावरून घसरली. मी कळवळून म्हटलं, "अय्यो, पाप!" कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारी. सासूबाईंना वाटलं, मी त्यांच्या बहिणीचं पाप काढते आहे. माझी जी काही धड मराठी आहे ती मी त्या घरात टोमणे खाऊन शिकले. बाकी काही त्या घरातून मिळालं नाही. शेवटी एक सूटकेस घेऊन परत आले.

दार अप्पांनी उघडलं. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी सूटकेस आत घेतली, दार लावलं, आणि त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एकाच घरात राहून. "तिला सांग, दिवा बंद कर म्हणावं." "तिला विचार, भात उरलाय का." जे काही असेल ते आईमार्फत. अप्पा पिरियापट्टणला तंबाखूच्या लिलावात प्रतवारी करायचे. भट्टीत सुकवलेलं पान हातात घ्यायचं, चोळायचं, वास घ्यायचा आणि दर्जा सांगायचा. माझं नाक त्यांच्यावर गेलंय असं सगळे नातेवाईक म्हणायचे. ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसले होते आणि आई स्वयंपाकघरात होती, तर पाण्यासाठी त्यांनी हाक आईला मारली.

त्यानंतर मला आईकडून एकच गोष्ट हवी होती. माझ्याबद्दल ते कधी काही बोलले होते का? माझ्या पाठीमागे, रागानं का होईना, एखादं वाक्य? या जन्मात ते सांगू शकणारी ती एकटीच होती. मी विचारलं की ती म्हणायची, "सुम्ने इरु सुमी, झालं गेलं." सुम्ने इरु म्हणजे गप्प राहा. मीही म्हणायचे, बरं, पुन्हा कधीतरी विचारू. मग आईला स्ट्रोक आला आणि ते पुन्हा कधीतरी संपलं.

डावी बाजू गेली. पाय थोडाफार सुधारला, हात नाही. डावा हात उचलून मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. त्याहून वाईट म्हणजे आठवणी गळायला लागल्या. आधी शेजाऱ्यांची नावं, मग वार, मग जेवलो की नाही ते. दोन्ही भाषा एकमेकींत इतक्या कालवल्या गेल्या की कधी कधी मलाही दोनदा विचारावं लागायचं. दिवसभर तिला सांभाळायला गौरम्मा नावाची बाई येते. सकाळी गौरम्माच्या हाती आई द्यायची, संध्याकाळी तिच्याकडून आई घ्यायची, आणि रोज परत मिळणारी आई सकाळपेक्षा थोडी कमी असायची. मी हात धुवून तिच्यासमोर बसायचे आणि विचारायचे, "आई, अप्पा माझ्याबद्दल काय म्हणायचे?" ती माझ्याकडे बघून हसायची. त्या हसण्याचा मला राग यायचा, आणि रागाची लाज वाटायची.

त्या दिवसांत वरच्या खोलीत क्लेर राहत होती. फ्रेंच, पन्नाशीची, दर हंगामाला आमच्याकडेच येणारी. आईला काही केल्या क्लेर म्हणता येईना, ती तिला "केरळा" म्हणायची. खालून "ए केरळा!" अशी हाक गेली की क्लेर चटई टाकून खाली यायची आणि आईच्या हातचं उप्पिट्टु खाऊन जायची. आईला इंग्रजी येत नव्हतं, क्लेरला मराठी-कन्नड येत नव्हतं, पण दोघींचं छान चालायचं. आई आजारी पडल्यावर उप्पिट्टु संपलं, तरी क्लेर येऊन तिच्याजवळ बसायची.

एकदा तिनं मला एक बाटली दाखवली. अत्तराची, हाताच्या पंजाएवढी, उंच आणि अंगानं बारीक. काचेला वरपासून खालपर्यंत उभ्या धारा पाडलेल्या. खाली चांदीचा पाय, गळ्याशी चांदीचा पट्टा आणि वर बिजागरीचं चांदीचं झाकण, त्यावर वेलबुट्टी. झाकण उघडलं की आत आणखी एक छोटं काचेचं बूच. चांदी काळी पडलेली होती, तरी वस्तू देखणी होती.

"माझ्या आजीच्या आजोबांनी केलेली," क्लेर इंग्रजीत म्हणाली. "पॅरिसमध्ये ते चांदीचं काम करायचे. काच दुसऱ्या कारखान्यातून यायची, ते तिला चांदी चढवायचे. यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही. तुझं नाक चांगलं आहे, तू सांग ना, यात काय भरलेलं होतं?"

मी बूच काढून वास घेतला. थोडी धूळ, थोडा धातू, क्लेरच्या बॅगेतला लॅव्हेंडर. बाकी काही नाही. जुन्या अत्तराचा तळाशी कुठे तरी चिकट माग राहतोच, तोही नव्हता. "मला वाटतं ही कधी भरलीच नाही," मी तिला सांगितलं. तिचा जरा विरस झाला.

पुढच्याच आठवड्यात तिचे वडील आजारी असल्याचा फोन आला आणि ती मिळेल त्या विमानानं गेली. ट्रंक वर राहिली, बाटली आमच्या जेवणाच्या टेबलावर राहिली. मी फोन केला तर म्हणाली, "राहू दे गं, येईन तेव्हा घेईन."

ती बाटली आईनं घेतली. उजव्या हातानं टेबलावरून उचलली आणि डाव्या तळव्यात ठेवली. मी फुटेल म्हणून धावले आणि तशीच उभी राहिले. आईचा डावा अंगठा हलत होता. ज्या हातात महिनोन्‌महिने चमचा राहिला नव्हता, त्याचा अंगठा चांदीच्या पट्ट्यावरून पुढे जात होता, मागे येत होता. सावकाश, दाबून, मध्येच थांबून, जणू काठ नीट बसला की नाही ते बघत.

माझा आनंद काय सांगू! फिजिओथेरपिस्टला व्हिडिओ पाठवला. तोही खूष झाला, म्हणाला, रोज तीच बाटली द्या, मग हळूहळू दुसऱ्या वस्तू द्या. दुसऱ्या वस्तू दिल्या. चमचा, चेंडू, अप्पांची काचेची औषधाची बाटली, अगदी देवघरातली चांदीची वाटीसुद्धा. हात मेल्यासारखा पडून राहायचा. पुन्हा ती बाटली दिली की अंगठा सुरू. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूचं असंच असतं, एखादी हालचाल आपोआप होते. मी म्हटलं बरं. डॉक्टरांशी वाद घालायला लागणारी ताकद माझ्याकडे उरली नव्हती.

काही दिवसांत अंगठा फिरला तिथली चांदी उजळली आणि तिच्यावर दोन बारीक ठसे दिसायला लागले. एकात शिरस्त्राण घातलेल्या बाईचं तोंड. दुसरा शंकरपाळ्याच्या आकाराचा, त्यात दोन अक्षरं आणि मध्ये एक पाखरू. मी फोटो पाठवला. क्लेरनं कळवलं की बाईचं तोंड म्हणजे चांदी चोख असल्याचा सरकारी ठसा आणि शंकरपाळं म्हणजे कारागिराचा स्वतःचा. अक्षरं तिच्या त्या आजोबांचीच होती. पाखरू तिनंही पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आणि त्याच सुमाराला आईनं तो शब्द धरला. "अत्तरु."

बाटली हातात आली, अंगठा फिरायला लागला की, "अत्तरु... अत्तरु." कन्नडमध्ये अत्तराला अत्तरुच म्हणतात. आई अत्तराच्या बाटलीकडे बघून अत्तर मागते आहे यात न कळण्यासारखं काय होतं? मला बरंच वाटलं. अप्पांचं नाही तर नाही, निदान काहीतरी ती मागते आहे आणि ते माझ्याजवळ आहे! मी कारखान्यातून नमुने आणायला लागले. मोगरा आणला, केवडा आणला, खस आणला, खरं चंदन मिनतवाऱ्या करून आणलं. तिच्या मनगटाला लावायचे. ती तोंड फिरवायची, हात झटकायची आणि आणखी मोठ्यानं म्हणायची, "अत्तरु!" घराला लग्नाच्या हॉलसारखा वास यायला लागला. वरच्या खोलीत आलेला नवा योगावाला दोन दिवस शिंकला आणि दुसरी जागा शोधून गेला. गौरम्मा म्हणाली, "अक्का, साकु. माझं डोकं दुखतं." साकु म्हणजे पुरे. पण आई थांबत नव्हती, मग मी कशी थांबणार? नवी कुपी, नवी पट्टी, पुन्हा तोंड फिरवणं. असे कितीतरी दिवस.

तो शनिवार होता. मला अर्धा दिवस सुटी होती आणि गौरम्मा अजून घरात होती. दुपारी आईला भरवत होते. बाटली तिच्या डाव्या हातात होतीच, त्याशिवाय ती आता जेवतच नसे. मी घास पुढे केला, तिनं मान वळवली, माझा हात सटकला आणि रसमचं भांडं उलटं झालं. तिच्या साडीवर, माझ्या अंगावर, फरशीभर. काही मोठं झालेलं नव्हतं. रसमच सांडलं होतं. पण मी फडकं घेऊन खाली बसले आणि पुसता पुसता रडायलाच लागले. मला थांबताच येईना. मी किती दमले आहे ते मला त्या फरशीवर कळलं.

माझ्या डोक्यावरून आईचा आवाज आला. अगदी शहाण्या माणसाचा आवाज, पूर्वीचा.

"अवरु अत्तरु. तू नको रडू गं."

मी फडकं धरून तशीच राहिले. आधी मराठी अर्धं कळलं, "तू नको रडू". मग त्याच्या मागून कन्नड अर्धं कळलं. कन्नडमध्ये अत्तरु म्हणजे अत्तर, आणि अत्तरु म्हणजे रडले. आदरानं. ते रडले. मी या गावात जन्मले, कन्नड माझ्या तोंडात जन्मापासून आहे, आणि एवढे दिवस मी त्या बाईच्या मनगटाला केवडा चोळत होते. नाकानं पोट भरणाऱ्या माणसाला अत्तर म्हटलं की अत्तरच ऐकू येतं. ती काही मागत नव्हती. ती सांगत होती.

"कोण रडलं, आई?"

"अवरु."

अवरु म्हणजे ते. आईनं उभ्या आयुष्यात अप्पांचं नाव घेतलं नाही. तिच्या तोंडी अवरु म्हणजे अप्पा. दुसऱ्या कुणालाही ती अवरु म्हणत नसे. मी तिचे गुडघे धरून बसले.

"का रडले?"

"मगळु होगिबिट्टळु." मुलगी निघून गेली.

"कधी? कुठे रडले?"

"दार लावून घेतलं. मेजावर डोकं ठेवलं." मग थोडं थांबून, "मत्ते उठले. घासत बसले, एडगैयल्लि." मत्ते म्हणजे मग, एडगै म्हणजे डावा हात. आणि हे म्हणताना तिनं स्वतःचा डावा हात बाटलीसकट मांडीवरून वर उचलला. मी तो उचललेला हात बघितला आहे.

"काय घासत बसले, आई?"

"बेळ्ळि." चांदी. "तिच्यासाठी केलं सगळं. ती न्यायलाच आली नाही."

इथे मी अडले. मेज ठीक आहे, अप्पांच्या खोलीत मेज होतं. दार लावून घेणं त्यांचंच. पण अप्पांनी जन्मात कधी चांदी घासली नव्हती. ते डावरे नव्हते. आणि त्यांची मुलगी आली होती, सूटकेस घेऊन त्यांच्याच दारात आली होती. मग हे कोणाचं बोलत होती ती?

त्याच वेळी मला वास आला. मी आधी लिहिलं आहे की असल्या वाक्यांना मी हसते, तेव्हा तुम्हीही हसा. तंबाखूचा वास. विडीचा नाही, धुराचा नाही. भट्टीतून नुकत्याच उतरवलेल्या पानाचा, वाळलेल्या गवतासारखा आणि मनुकांसारखा गोडसर. अप्पा घरी येऊन शर्ट खुंटीला लावायचे तेव्हा तो वास माझ्या लहानपणभर त्या भिंतीला होता. आणि तो येत होता बाटलीतून. बूच लागलेलं, झाकण बंद, माझ्या स्वतःच्या नाकानं रिकामी ठरवलेल्या बाटलीतून. सवयीनं मी कागदाची पट्टी आणायला धावले, बघा, अशा वेळीसुद्धा पट्टी! परत येईपर्यंत वास गेला होता. माझंच डोकं फिरलं म्हणून सोडून दिलं असतं, पण स्वयंपाकघरातून गौरम्मा हात पुसत बाहेर आली. "अक्का, होगेसोप्पु वास्ने. यारादरू बंदिद्रा?" तंबाखूचा वास येतोय, कुणी आलं होतं का?

कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लेरला फोन केला. तिला आईचं काही सांगितलं नाही, मुद्दामच. एवढंच विचारलं की तिचे ते चांदीवाले आजोबा डावरे होते का. तिला माहीत नव्हतं. म्हणाली, घराण्यातलं जुनं ठाऊक असलेली एक मावशी आहे, खूप म्हातारी, वृद्धाश्रमात असते, तिला भेटेन तेव्हा विचारते. पुढे तिचा फोन आला.

"तुला कसं कळलं?" तिनं विचारलं. "मावशी म्हणते, ते डावरे होते. त्यांची कामाची बैठक उलटी मांडलेली असायची, दुसऱ्या कुणाला तिथे बसताच यायचं नाही. मला हे आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं."

मग तिनं बाकीचं सांगितलं. त्यांना एकच मुलगी होती. तिच्या लग्नासाठी त्यांनी ही बाटली केली. पण मुलगी त्यांनी ठरवलेल्या मुलाला सोडून भलत्याच माणसाबरोबर दुसऱ्या गावी निघून गेली. ती परत आली ती बाप गेल्यावर, आणि बाटली तेव्हा तिच्या आईनं तिच्या हातात दिली. तीच क्लेरच्या आजीची आई. बाटलीत अत्तर कधी भरलंच नाही.

"ते रडले होते का, क्लेर? मावशीला विचारलंस?"

"मावशी म्हणते, ते रडणाऱ्यातले नव्हते. लेकीचं नाव निघालं की उठून कामाला बसायचे. घरात कुणीही त्यांना रडताना पाहिलं नाही."

"दार लावून घेतलं असेल तर कसं पाहणार?"

मग मी तंबाखूचं विचारलं. ती म्हणाली, त्या काळी सगळेच ओढायचे. पण मी ओढलेल्या तंबाखूबद्दल बोलतच नव्हते, आणि पिरियापट्टणच्या भट्टीचा वास तिला फोनवर कसा समजावून सांगू? मी म्हटलं, बरं, काळजी घे, आणि फोन ठेवला.

मी खूप विचार केला आहे. क्लेरनं आईला कधी सांगितलं असेल म्हणावं, तर क्लेरलाच माहीत नव्हतं, आणि दोघींची भाषा एक नव्हती. आईचा मेंदू बिघडला होता आणि ती बरळत होती म्हणावं, तर बरळणं इतकं नेमकं लागू पडतं का? तो कारागीर बाटलीतून बोलला म्हणावं, तर मग तंबाखूचा वास कुठला? अप्पा बोलले म्हणावं, तर डावा हात कुणाचा? आणि अप्पाच असतील, तर मी निघून गेले म्हणून ते रडले की परत आले म्हणून? एक उत्तर धरायला जावं तर दुसरं हातातून सुटतं. मी दिवसभर काम करून, आईला धुऊनपुसून, निजवून मग हा विचार करायचे, आणि तो कधीच पुरा व्हायचा नाही.

त्या शनिवारनंतर आईनं तो शब्द पुन्हा काढला नाही. अंगठाही थांबला. बाटली हातात ठेवली की ती इतर वस्तूंसारखीच घरंगळायची. या हंगामात क्लेर परत आली. आईनं तिला ओळखलं नाही, केरळा म्हणाली नाही, आणि क्लेर जिन्यात बसून रडली. बाटली मी तिला परत दिली. ती ठेव ठेव म्हणत होती, मी ऐकलं नाही. दुसऱ्या कुणाच्या लेकीसाठी केलेली वस्तू माझ्या घरात मला नको होती.

पण देण्याच्या आदल्या दिवशी मी आईसमोर बसले. ऊन चांगलं होतं, तिची वेणी नुकतीच घातली होती, ती प्रसन्न दिसत होती. मी तिचे दोन्ही हात धरले आणि इतकी वर्षं जे विचारत होते तेच शेवटचं विचारलं. कन्नडमध्ये विचारलं, मग मराठीत विचारलं, म्हणजे कुठल्याही बाजूनं चूक राहू नये.

"आई, अप्पा रडले होते का गं? माझ्यासाठी?"

तिनं नीट ऐकून घेतलं. पाहुण्यांशी बोलावं तशा अदबीनं मला विचारलं,

"कोण अप्पा?"

मी तिला भात भरवला. तिनं सगळा खाल्ला.

तर या सगळ्याचा उलगडा माझ्याजवळ नाही, आणि आता विचारायलाही कुणी उरलेलं नाही. कुठला तरी एक बाप दार लावून, मेजावर डोकं ठेवून लेकीसाठी रडला, इतकंच आई मला सांगू शकली. पॅरिसचा की पिरियापट्टणचा, ते तिच्या आठवणींबरोबर गेलं. मी ते रडणं माझ्या नावावर करून घेतलं आहे. खोटं असेल कदाचित. पण त्या दिवसापासून मला थोडी झोप लागते.

इथे लिहिणारे शेवटी विचारतात, की कुणाला काही खुलासा सुचतो का. तुम्ही हुशार आहात, तुमच्यापैकी कुणाला नक्की सुचेल. सुचला, तर हात जोडते, मला सांगू नका.